मोटार उत्पादक कंपन्यांना खुले पत्र: शेवटचा आकडा पहिल्याच दिवशी सांगा

सर्व मोटार उत्पादक कंपन्यांच्या संचालक मंडळांस,

सप्रेम नमस्कार.

नव्या गाडीच्या बिलात न सांगितलेल्या रकमा दिसल्या की ग्राहक शोरूमच्या मॅनेजरशी भांडतो, सेल्समनला बोल लावतो आणि अगदीच चिडला तर तुमच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवतो. तिथून उत्तर येतं की डीलर स्वतंत्र व्यावसायिक आहे, तो आकारत असलेल्या शुल्कांशी कंपनीचा संबंध नाही. हे उत्तर मला मान्य नाही, म्हणून हे पत्र डीलरांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे. शोरूममध्ये जे चालतं त्यातलं बरंच काही तुमच्या धोरणांमुळे चालतं, उरलेलं तुम्हाला माहीत असूनही चालतं, आणि ते बंद करणं इतर कुणाहीपेक्षा तुम्हाला सोपं आहे.

नातेवाईक, शेजारी, ऑफिसातले सहकारी गाडी घ्यायला निघाले की कोटेशन आधी माझ्यासमोर ठेवतात. हिशेबाचे कागद वाचायची मला सवय आहे, एवढंच कारण. शोरूम वेगळं, कंपनी वेगळी, गाडी लहान असो की मोठी; कागद मात्र एकाच वळणाचे असतात. वर ठळक अक्षरांत जाहिरातीतली किंमत. त्याखाली कर, नोंदणी, विमा. आणि त्याखाली, त्याच टायपात, त्याच रांगेत, हँडलिंग, लॉजिस्टिक्स, डॉक्युमेंटेशन, ‘इसेन्शियल किट’, कोटिंग, एक्स्टेंडेड वॉरंटी. सरकारला जाणारा पैसा आणि शोरूमने स्वतः लावलेली रक्कम यांच्यामध्ये साधी रेघसुद्धा नसते. पाहणाऱ्याला वाटतं की हे सगळं द्यावंच लागतं. तसं वाटावं म्हणूनच कागद असा छापलेला असतो.

हँडलिंग चार्जेसचंच घ्या. गाडी गोदामातून शोरूमपर्यंत आणणं, धुणं-पुसणं, बॅटरी आणि टायर तपासणं, यासाठी ही रक्कम असल्याचं सांगतात. पण विकायची वस्तू दुकानात आणणं हा विकणाऱ्याच्या धंद्याचा खर्च आहे. डिलिव्हरीपूर्वीची तपासणी तर तुमच्याच नियमांप्रमाणे डीलरने करायची असते. युरोपीय संघाच्या न्यायालयापुढे हा प्रश्न जर्मनीतल्या सिट्रोएनच्या एका जाहिरातीवरून गेला होता. जाहिरातीत गाडीची किंमत एक, आणि ती उत्पादकाकडून डीलरपर्यंत आणण्याचा खर्च वेगळा, असं दाखवलं होतं. न्यायालयाने 7 जुलै 2016 रोजी निकाल दिला की हा खर्च ग्राहकाला द्यावाच लागणार असेल तर तो विक्रीच्या किमतीतच धरला पाहिजे. त्या निकालाला आता बरीच वर्षं झाली. तुमच्यापैकी अनेकांची युरोपात विक्री आहे, तुमच्या वकिलांनी तो वाचलेला आहे. तरीही जिथे कायदा तसं स्पष्ट म्हणत नाही तिथे तोच खर्च अजूनही वेगळ्या ओळीत, वेगळ्या नावाने येतो.

डॉक्युमेंटेशनची गोष्ट याहून साधी आहे. अमेरिकेत काही राज्यांनी या कागदपत्रांच्या शुल्काला कायद्याने कमाल मर्यादा घातली आहे, काहींनी घातलेली नाही. जिथे मर्यादा नाही तिथे तसल्याच कामासाठी कित्येक पट रक्कम घेतली जाते. फॉर्म भरायला तिथे कित्येक पट वेळ लागत असेल असं मला वाटत नाही.

मग येतात त्या वस्तू, ज्या कुणी मागितलेल्याच नसतात. टायरमधला नायट्रोजन हे त्यातलं सगळ्यात ठसठशीत उदाहरण. आपण श्वासात घेतो त्या हवेतच सुमारे 78 टक्के नायट्रोजन असतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर 2023 मध्ये मोटारविक्रीसाठी जो नियम जाहीर केला, त्यात ग्राहकाला काहीच फायदा नसलेल्या गोष्टी विकायला बंदी होती, आणि उदाहरणादाखल दिलेल्या गोष्टी वाचण्यासारख्या आहेत: साध्या हवेपेक्षा जास्त नायट्रोजन नसलेले ‘नायट्रोजन टायर’, आणि विजेवर चालणाऱ्या गाडीसाठी इंजिन ऑइल बदलण्याचा सेवा करार. एका सरकारी संस्थेला हे लिहून बंदी घालावी लागली, म्हणजे हे विकलं जात होतं.

कोटिंगबद्दल मला तुमच्याकडून थेट उत्तर हवं आहे. तुमच्यातल्या अनेक कंपन्या पत्रा गंजून भोक पडण्याविरुद्ध काही वर्षांची हमी देतात. ती हमी पुस्तिकेत छापलेली असते. त्याच कंपनीच्या बोर्डाखाली, त्याच कंपनीचा शर्ट घालून बसलेला माणूस ग्राहकाला सांगतो की खालून कोटिंग केलं नाही तर दोन पावसाळ्यांत तळ गंजेल. या दोघांपैकी एक जण चुकीचं बोलतो आहे. पुस्तिका खरी असेल तर त्या माणसाला हे बोलू देणं तुम्ही थांबवलं पाहिजे.

विम्याच्या बाबतीत दबाव आणखी उघड असतो. विमा कुठून घ्यायचा हे ग्राहकाने ठरवायचं असतं. तरी शोरूममध्ये ऐकू येतं की विमा बाहेरून घेतला तर सवलत मिळणार नाही, डिलिव्हरी लांबेल, अपघातानंतर आमच्या वर्कशॉपमध्ये अडचण येईल, आणि कधीकधी तर वॉरंटीच जाईल. यातलं शेवटचं वाक्य ऐकून माघार घेणारी बरीच माणसं मी पाहिली आहेत, कारण वॉरंटीची कलमं वाचलेली नसतात आणि नव्या गाडीची जोखीम कुणाला नको असते. भारतात विमा नियामकाने डीलरमार्फत होणाऱ्या वाहन विम्यासाठी नोव्हेंबर 2017 पासून वेगळी मार्गदर्शक तत्त्वं लागू केली. ती करावी लागली याचं कारणच शोरूममधला हा दबाव आणि विमा कंपन्यांकडून डीलरांकडे जाणारा पैसा. वॉरंटी तुमची आहे. ती कशाने जाते आणि कशाने जात नाही, हे शोरूमच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावायला तुम्हाला कुणाच्याही परवानगीची गरज नाही.

आता कर्जाविषयी थोडं सविस्तर लिहिते, कारण हँडलिंगची रक्कम डोळ्यांना दिसते तरी, इथला पैसा दिसतच नाही.

गाडी विकणारा माणूस किमतीवरून बोलणं शक्य तितक्या लवकर हप्त्यावर नेतो. ‘महिन्याला किती झेपेल?’ हा प्रश्न एकदा स्वीकारला की किंमत, व्याजदर, मुदत, जोडलेल्या वस्तू हे सगळं एका आकड्यात विरघळून जातं. समजा 100 रुपयांचं कर्ज आहे आणि वर्षाला 10 टक्के व्याज. पाच वर्षांत फेडलं तर महिन्याचा हप्ता साधारण 2 रुपये 12 पैसे आणि एकूण व्याज साडेसत्तावीस रुपये. तेच सात वर्षांवर नेलं तर हप्ता 1 रुपया 66 पैशांवर येतो, म्हणजे पाचव्या हिश्श्याहून जास्त कमी. पण व्याज साडेएकोणचाळीस रुपये होतं. हप्ता उतरल्याच्या समाधानात ग्राहक एक्स्टेंडेड वॉरंटी आणि कोटिंगला होकार देतो, तेही कर्जात मिसळलं जातं, आणि ज्या कोटिंगची खरी किंमत शंकास्पद आहे त्यावर तो सात वर्षं व्याज भरतो.

त्यातही एक गोष्ट अशी आहे की ती ग्राहकाला विचारावी हेही सुचत नाही: कर्ज मिळवून दिल्याबद्दल शोरूमला काय मिळतं? ब्रिटनमध्ये अनेक वर्षं अशी पद्धत होती की डीलर स्वतः व्याजदर वरखाली करू शकत असे, आणि दर जितका चढा तितकं त्याचं कमिशन जास्त. समोर बसून ‘तुमच्यासाठी सगळ्यात चांगला दर काढून देतो’ म्हणणाऱ्या माणसाचा फायदा नेमका उलट दिशेला होता. तिथल्या वित्त नियामकाने जानेवारी 2021 मध्ये ही पद्धत बंद केली. पुढे प्रकरणं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. ऑगस्ट 2025 च्या निकालात न्यायालयाने बहुतेक मुद्द्यांवर कर्ज देणाऱ्या संस्थांची बाजू उचलून धरली. तरी एका खरेदीदाराच्या बाबतीत व्यवहार अन्यायकारक ठरवला. त्या माणसाने कर्जासाठी मोजलेल्या एकूण खर्चापैकी 55 टक्के रक्कम डीलरचं कमिशन होती आणि त्याला ते ठाऊकच नव्हतं. त्याची गाडी जुनी होती, तुमच्या नव्या गाड्यांशी तिचा थेट संबंध नाही. पण कमिशनची रचना तीच आहे. आणि गाड्यांसाठी कर्ज देणाऱ्या संस्थांपैकी कितीतरी तुमच्याच समूहातल्या आहेत, तुमच्याच नावाने चालतात. इथे ‘डीलर स्वतंत्र आहे’ हे उत्तरही तुम्हाला उरत नाही.

मागणी जास्त आणि गाड्या कमी असल्या की जे चालतं तेही तुम्हाला माहीत आहे. प्रतीक्षा यादी लांब असते. ॲक्सेसरीजचा पूर्ण पॅक घेतला, विमा-कर्ज आमच्याकडून केलं तर नंबर पुढे सरकेल, असं सुचवलं जातं. कागदावर काही नसतं. बुकिंगची रक्कम आधीच गुंतलेली असते, ती परत मिळण्याच्या अटी पावतीच्या मागे बारीक अक्षरांत असतात, त्यामुळे ग्राहक उठूनही जाऊ शकत नाही. रांगेत आपल्यापुढे कोण आहे आणि का आहे, हे त्याला कळायचा काही मार्ग नाही. तुमच्या संगणकात मात्र प्रत्येक बुकिंगची तारीख आणि प्रत्येक गाडीची डिलिव्हरी नोंदलेली असते.

आत्तापर्यंत पैशाबद्दल लिहिलं. पण गाडी खरोखर नवी आहे का, हा प्रश्नही याच व्यवहारात येतो. वाहतुकीत खरचटलेली, ठोकलेली गाडी रंगवून नवी म्हणून देणं. टेस्ट ड्राइव्हला फिरवलेली गाडी नव्याच्या भावात देणं. आदल्या वर्षी बनलेली गाडी नव्या वर्षात ते न सांगता देणं. अमेरिकेत 1990 मध्ये एका डॉक्टरने नवी बीएमडब्ल्यू घेतली. काही महिन्यांनी पॉलिश करून घ्यायला गेल्यावर त्याला कळलं की ती विकण्याआधी काही भागांवर पुन्हा रंग दिलेला होता. खटल्यात समोर आलं की हे शोरूमने लपवलेलं नव्हतंच. तिथे गाड्या आणणाऱ्या बीएमडब्ल्यूच्या कंपनीचंच देशभरासाठी धोरण होतं: दुरुस्तीचा खर्च सुचवलेल्या किमतीच्या 3 टक्क्यांच्या आत असेल तर गाडी नवी म्हणून विकायची, आणि दुरुस्तीबद्दल डीलरलाही सांगायचं नाही. या गाडीवरचा खर्च किमतीच्या साधारण दीड टक्का होता. 1996 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या खटल्यात ठोठावलेली 20 लाख डॉलरची दंडात्मक भरपाई फार जास्त असल्याचं ठरवलं, आणि कायद्याच्या वर्गांत हा खटला त्याच मुद्द्यासाठी शिकवला जातो. मला त्यातला दुसरा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. फसवणूक करणाऱ्या शोरूमवर ताबा नसल्याचं तुम्ही सांगता, पण इथे न सांगण्याचा निर्णय वरून, कंपनीकडून आला होता आणि शोरूमलाच अंधारात ठेवलं होतं.

ताब्याविषयी आणखी बोलायला हवं, कारण तुमचं सगळं समर्थन त्याच एका शब्दावर उभं आहे. शोरूमच्या फरश्या कोणत्या रंगाच्या असाव्यात, सोफे कुठे ठेवावेत, सेल्समनने कसला शर्ट घालावा, फोन किती वेळात उचलावा, हे सगळं तुम्ही ठरवता आणि माणसं पाठवून तपासता. इतकंच नाही. भारताच्या स्पर्धा आयोगाने 23 ऑगस्ट 2021 रोजी मारुती सुझुकीला 200 कोटी रुपये दंड केला. डीलरांनी ग्राहकांना ठरलेल्यापेक्षा जास्त सवलत देऊ नये यासाठी कंपनी काय करत होती, ते आयोगाने आदेशात नोंदवलं आहे: ग्राहक बनून जाणारी माणसं शोरूममध्ये पाठवायची, जास्त सवलत देणारा सापडला की त्या डीलरकडून आणि त्याच्या कर्मचाऱ्यांकडून दंड वसूल करायचा. कंपनीने या आदेशाविरुद्ध अपील केलं, तो तिचा हक्क आहे. मी फक्त एवढं विचारते: ग्राहकाला मिळणारी जास्तीची सवलत हुडकायला जी माणसं पाठवता येतात, तीच ग्राहकावर लादलेलं जास्तीचं शुल्क हुडकायला का पाठवता येत नाहीत?

पाठवता येतात, आणि इच्छा असेल तेव्हा कंपन्या डीलरांना दमही देतात. सेमीकंडक्टर चिपच्या टंचाईत अमेरिकेतल्या डीलरांनी छापील किमतीवर हजारो डॉलर चढवायला सुरुवात केली, तेव्हा 2022 च्या सुरुवातीला जनरल मोटर्स आणि फोर्ड या दोघांनी आपल्या डीलरांना कळवलं की असं करणाऱ्यांचा गाड्यांचा पुरवठा दुसरीकडे वळवला जाऊ शकतो. स्वतंत्र व्यावसायिकाला हा निरोप धाडता येत होता. कंपनीचं नाव खराब होत होतं म्हणून तो धाडला. ग्राहकाचा खिसा रोज हलका होतो त्याला तेवढंच महत्त्व मिळावं, एवढीच अपेक्षा आहे.

डीलरांची बाजू मी मुद्दाम इथे मांडते, कारण ती ऐकल्याशिवाय हे पत्र अर्धवट राहील. नव्या गाडीच्या विक्रीत डीलरला सुटणारा नफा तुटपुंजा असतो. शोरूमची जागा, सजावट, कर्मचारी यांचा खर्च मात्र तुमच्या मापदंडाप्रमाणे करावा लागतो. गाड्यांचा साठा त्याने आधी पैसे भरून, बहुधा कर्ज काढून घेतलेला असतो. महिन्याचं टार्गेट गाठलं तर बोनस, दोन गाड्या कमी पडल्या तर काही नाही, अशा योजना तुम्ही आखता. मग तो कर्ज, विमा, ॲक्सेसरीज आणि सर्व्हिसमधून भर काढतो. खाली सेल्समनचा पगार थोडका, आणि प्रत्येक गाडीमागे ठरावीक ॲक्सेसरीज विकल्या नाहीत तर त्याचा इन्सेंटिव्ह कापला जातो. विशी-बाविशीतली ती मुलं असतात. त्यांच्यापैकी काहींनी मला खालच्या आवाजात सांगितलं आहे की ‘ही ओळ काढून घ्या मॅडम, पण मी सांगितलं म्हणू नका.’ त्या मुलांवर माझा राग नाही. ज्या गणितात खरं बोलणाऱ्याचं नुकसान होतं ते गणित तुमच्या विक्री विभागात मांडलं जातं.

यावर उपाय नवा शोधायचा नाही. 1950 च्या दशकात अमेरिकेत हाच गोंधळ होता: किमती फुगवायच्या, जुन्या गाडीला भरघोस भाव दिल्याचं दाखवायचं, आणि खरी किंमत कुणालाच कळू द्यायची नाही. ऑक्लाहोमाचे सिनेटर माइक मन्रोनी यांनी पुढाकार घेतला आणि 1958 मध्ये कायदा झाला. प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर सुचवलेली किंमत, जोडलेल्या सोयींच्या किमती आणि वाहतुकीचा खर्च लिहिलेला कागद चिकटवला पाहिजे, आणि गाडी ग्राहकाच्या हाती जाईपर्यंत तो कुणी काढायचा नाही. हा कागद लावायची जबाबदारी कायद्याने डीलरवर टाकली नाही, उत्पादकावर टाकली. कायदा करणाऱ्यांना कळलं होतं की किंमत कुठे ठरते.

त्या कायद्यातली फट डीलरांनी नंतर शोधली. मूळ कागदाशेजारी दुसरा कागद चिकटवायचा आणि त्यावर आपल्या वस्तू, आपली शुल्कं लिहायची. ती फट बुजवण्याचा प्रयत्न म्हणजे वर सांगितलेला फेडरल ट्रेड कमिशनचा नियम. करासारख्या सरकारी रकमा सोडून संपूर्ण किंमत आधी सांगणं त्यात बंधनकारक होतं. डीलरांच्या संघटना न्यायालयात गेल्या आणि जानेवारी 2025 मध्ये अपील न्यायालयाने तो रद्द केला. कारण काय, तर नियम करण्याआधीची एक पूर्वसूचना आयोगाने दिली नव्हती. नियमात सांगितलेल्या लबाड्या होत नाहीत, असं त्या निकालात म्हटलेलं नाही.

इतर ठिकाणी हे निभतं आहे. कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात 1 जानेवारी 2010 पासून डीलरने जाहिरातीत किंमत दिली तर विक्रीकर आणि नोंदणीचा खर्च वगळता सगळी शुल्कं तिच्यात धरलेली असावी लागतात. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक कायद्याचं 48 वं कलम एकूण किंमत एकाच आकड्यात सांगायला लावतं, आणि तिथे गाडी शोरूमबाहेर काढेपर्यंतची पूर्ण रक्कम जाहिरातीत दिसते. युरोपात विमानाच्या तिकिटाची अंतिम किंमत सुरुवातीलाच दाखवण्याचा नियम 2008 चा आहे. भारतात ऑनलाइन खरेदीत शेवटच्या पायरीवर रक्कम वाढवणं आणि न मागितलेली वस्तू टोपलीत टाकणं, या दोन्हींची नोंद नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या युक्त्या म्हणून झाली आहे. किरकोळ ऑनलाइन खरेदीत जे गैर ठरतं ते शोरूममधल्या काचेच्या टेबलावर चालून जातं, आणि तिथे तर माणूस घरानंतरची आयुष्यातली सगळ्यात मोठी खरेदी करत असतो.

तुम्ही म्हणाल की कर ठिकाणागणिक बदलतात, म्हणून एक किंमत सांगता येत नाही. तुमच्या संकेतस्थळांवर ग्राहकाला गाडीचा रंग, चाकं, सीटचं कापड निवडता येतं आणि प्रत्येक निवडीबरोबर आकडा बदलतो. तिथेच राहण्याचं ठिकाण विचारा आणि कराची बेरीज करा. इच्छा असलेल्या कंपन्यांनी याहून अवघड गोष्टी केल्या आहेत. जनरल मोटर्सने 1990 मध्ये सॅटर्न या नावाने गाड्या आणल्या, तेव्हा घासाघीस नाही, ठरलेली किंमत, हीच त्यांची ओळख होती. मर्सिडीज-बेंझने भारतात ऑक्टोबर 2021 मध्ये विक्रीची पद्धत बदलली: गाड्यांचा साठा कंपनीचा, बिल कंपनीचं, देशभर एक किंमत, आणि डीलरला प्रत्येक विक्रीमागे मोबदला. थेट विक्री केली की सगळं आपोआप स्वच्छ होतं, असा माझा दावा नाही. टेस्ला डीलरांशिवाय विकते, तरी तिच्या संकेतस्थळावर बराच काळ किमतीतून पुढच्या काही वर्षांत वाचणाऱ्या पेट्रोलचा अंदाजित पैसा वजा करून आकडा दाखवला जात होता. कोण विकतो यापेक्षा पहिला आकडा आणि शेवटचा आकडा सारखे आहेत का, हे मी पाहते.

तेव्हा माझ्या मागण्या अशा. ग्राहकाने किंमत विचारली की त्याला तुमच्या सहीचा एकच कागद मिळावा, ज्यात डिलिव्हरीपर्यंतचा शेवटचा आकडा असेल, आणि सरकारला जाणारी रक्कम, गाडीची रक्कम आणि ऐच्छिक वस्तू या तीन गोष्टी वेगळ्या रकान्यांत असतील. ऐच्छिक वस्तूंपुढचा चौकोन रिकामा छापलेला असावा. टिक ग्राहकाने स्वतः करावी. विमा आणि कर्जातून डीलरला व तुम्हाला मिळणारं कमिशन त्याच कागदावर लिहिलेलं असावं. त्यात गाडीच्या निर्मितीचा महिना आणि वर्ष, आणि वाहतुकीत किंवा गोदामात झालेली प्रत्येक दुरुस्ती, कितीही किरकोळ असली तरी, पैसे भरण्याआधी नमूद व्हावी. अमुक टक्क्यांच्या आतली दुरुस्ती न सांगण्याची मुभा नको.

दुसरं, डीलरशी होणाऱ्या करारात एक कलम घाला: या कागदावर नसलेली कोणतीही रक्कम घेतली तर ती ग्राहकाला परत करायची, आणि ती परत झाल्याची खात्री कंपनीने करायची. डीलरने दिली नाही तर तुम्ही द्या, त्याच्या हिशेबातून वळती करा. वसुलीची ही सोय तुमच्याकडे आहे, ग्राहकाकडे नाही. सेल्समनच्या इन्सेंटिव्हमधून ॲक्सेसरीज आणि विम्याची टार्गेटं काढून टाका. डीलरचा नफा एवढा ठेवा की प्रामाणिकपणे गाडी विकून त्याचं भागेल; त्यासाठी गाडीची जाहीर किंमत वाढवावी लागली तरी चालेल. वाढवा आणि सांगा. खरा आकडा कळला तर माणूस लहान गाडी घेईल, सहा महिने थांबेल किंवा जुनी वापरत राहील, पण तो निर्णय त्याचा असेल.

यावर ‘आम्ही पारदर्शकतेला कटिबद्ध आहोत’ असं पत्र पाठवू नका, अशी विनंती आहे. त्याऐवजी तुमच्या पुढच्या वार्षिक अहवालात एक तक्ता छापा: वर्षभरात जादा शुल्काच्या किती तक्रारी आल्या, किती ग्राहकांना किती पैसे परत मिळाले, आणि किती डीलरांवर काय कारवाई झाली. ज्या भागधारकांच्या हाती हे पत्र पडेल त्यांनी वार्षिक सभेत हे तीन आकडे मागावेत. आकडे नाहीत असं उत्तर आलं, तर ते का नाहीत हेही तिथेच विचारावं.

कळावे,

आपली,
एक ग्राहक